लाल काचेची कडा

गुरुवार, रात्री

रंगीत काचांच्या जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या मैत्रिणीच्या कारखान्यात आज दुपार गेली. तिने लाल काचेचा एक तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाली, "कडेने बघ." समोरून गर्द लाल दिसणारी ती काच कडेने चक्क पांढरी होती! लाल रंग फक्त वर, सायीसारखा पातळ. सबंध जाडीत लाल भरला तर काच काळपट दिसते, उजेड आत येतच नाही. म्हणून युरोपातले मध्ययुगातले कारागीर बिनरंगी काचेवर वितळलेल्या लाल काचेचा थर चढवून ती फुंकत. शेकडो वर्षांपूर्वी हे कुणाला सुचलं असेल, या विचाराने मी अजून हरखलेलीच आहे.

निळ्या रंगासाठी काचेत कोबाल्ट घालतात, जांभळ्यासाठी मँगनीज. पिवळ्याची गंमत वेगळी. चांदीचा क्षार काचेवर लावून भट्टीत भाजतात. मग तो रंग वर बसत नाही, काचेतच मुरतो. १४व्या शतकापासून हे चालत आलंय.

मला मात्र सगळ्यात जास्त आवडतं ते शिसं. काचेचे तुकडे जुळवून चित्र करताना ते बसवायची शिशाची पट्टी दोन्ही अंगांना खाच असलेली असते. खिडकी उजेडात उभी केली की याच पट्ट्या काळ्या रेषा होतात. त्यामुळे चित्र काढणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं, रेष गळ्यापाशी घ्यायची की बाहीच्या काठाने. ती नको तिथे गेली तर चेहराच चिरल्यासारखा वाटतो. हल्ली खिडकीला चिकटवायची छापील फिल्म मिळते, काळ्या रेषांसकट. मला ती बघवत नाही. हाताने फुंकलेल्या काचेत बुडबुडे असतात, जाडी कमीजास्त असते, त्यामुळे आपण दोन पावलं सरकलो तरी रंग हलतो. फिल्मचा रंग जागचा हलत नाही.

फोर्टात मुंबई विद्यापीठाच्या दीक्षांत सभागृहात २० फूट व्यासाची गोल खिडकी आहे, बारा राशींची. बाहेरून पाहिलं तर नुसती काळपट जाळी. आत गेल्याशिवाय राशी दिसतच नाहीत. सभागृह १८७४ साली पूर्ण झालं. आराखडा इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत. इथलं ऊन त्यांनी पाहिलं नव्हतं, तरी ते या खिडकीला इतकं शोभतं!

शेजारच्या राजाबाई टॉवरची आणि वाचनालयाची दुरुस्ती २०१३ ते २०१५ मध्ये झाली. तिथल्या रंगीत काचा स्वाती चांदगडकर यांनी सांभाळून नीट केल्या. अशी खिडकी उतरवायची म्हणजे आधी कागद ठेवून तिचा ठसा घ्यायचा, तुकड्यांना क्रमांक द्यायचे, मग शिसं सोडवायचं, एकेक तुकडा कापसाच्या बोळ्याने पुसायचा. तडकलेली काच शक्यतो बदलत नाहीत, कडा जुळवून चिकटवतात. मैत्रिणीच्या टेबलावर आज असाच एक निळा तुकडा होता, तीन ठिकाणी तडकलेला. नवी निळी काच बाजारात सहज मिळते, पण शेजारच्या जुन्या काचांत ती उपरी दिसते. म्हणून मैत्रीण तो तडकलेला तुकडाच जोडत बसली होती आणि मला ते अगदी पटलं.