पायलट व्हायचंय, मग डिग्री कशाची घ्यायची? माझा अनुभव

सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, डिग्री लागत नाही. मी ज्या नियमांखाली हे सगळं केलं त्यात फिजिक्स-मॅथ्ससह बारावी, वयाची १८ वर्षं पूर्ण, क्लास १ मेडिकल (व्यावसायिक पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी), डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) लेखी पेपर आणि २०० तासांचं उड्डाण एवढंच होतं. त्यामुळे डिग्री मी दोनच कसोट्यांवर निवडली. ती उड्डाणाच्या आड येते का, आणि उद्या उडता आलं नाही तर तिच्यावर पोट भरतं का.

डिग्रीचा विचार करण्याआधी मेडिकल. हा क्रम उलटा झाला की लाखभर रुपये फुकट जातात. आधी क्लास २, म्हणजे सुरुवातीची तपासणी, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे: रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान, डोळे. मग क्लास १. वजन, हिमोग्लोबिन, चष्म्याचा नंबर यांवर बहुतेक वेळा काहीतरी तोडगा निघतो आणि तात्पुरतं अनफिट ठरलेला मुलगा काही महिन्यांनी पुन्हा जाऊन पास होतो. रंगांधळेपणाला मात्र इलाज नाही. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात ७४ ऐवजी २१ वाचला की तिथेच कळतं. तोवर घरी कुणाला पत्ता नसतो, कारण सिग्नलचा लाल-हिरवा दिवा वर आहे की खाली यावरूनच ओळखला जातो. म्हणून मी आधी क्लास २ हातात घेतलं, क्लास १ ची तारीख घेतली आणि मगच कॉलेजांचे फॉर्म उघडले.

पहिला मोह बीएस्सी एव्हिएशनचा. नाव ऐकून वाटतं, तीन वर्षांत डिग्री आणि परवाना दोन्ही हातात. काही ठिकाणी दोन्ही खरोखर जोडलेलं असतं. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या इग्रुआत, म्हणजे सरकारी उड्डाण अकादमीत, सीपीएलबरोबर तीन वर्षांची बीएस्सी करता येते. पण कित्येक कॉलेजांत त्या फीमध्ये फक्त वर्गातले विषय असतात, म्हणजे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स. उड्डाणाचे पन्नास-साठ लाख वेगळे. प्रवेशाच्या वेळी मी तीन गोष्टी लेखी मागायचो: डिग्री कोणत्या विद्यापीठाची, फीमध्ये उड्डाणाचे तास किती, आणि ते कोणत्या धावपट्टीवर. तिसऱ्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं की समजून घ्यायचं.

माझा खरा आक्षेप दुसराच. एव्हिएशनची डिग्री घेऊन आपण पर्यायही त्याच धंद्यात शोधतो. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. २०२० मध्ये तर सगळ्यांचीच विमानं जमिनीवर होती. अशा वेळी पायलटची भरती थांबते तशीच एअरपोर्ट ऑपरेशन्सचीही थांबते. छत्री हवी ती या पावसात न गळणारी, म्हणजे दुसऱ्याच धंद्यातली.

इंजिनीअरिंगचा पर्याय मी लवकर सोडला. एरोनॉटिकल इंजिनीअर विमान बनवण्याचं शास्त्र शिकतो, उडवण्याचं नाही. चार वर्षं, प्रॅक्टिकल, सबमिशन आणि एटीकेटीची टांगती तलवार. ज्याला त्या विषयाचीच गोडी आहे त्याने बीई पूर्ण करून मग उडायला जावं. बावीस-तेविसाव्या वर्षी सुरुवात करणं काही उशिराचं नाही. दोन्ही एकदम करायला जाऊ नये.

एकदम का नको, हे कॅलेंडर मांडलं की दिसतं. धुळे, बारामती, गोंदिया, कुठेही बघा: जून ते सप्टेंबर ढग खाली असतात. शिकाऊ पायलट बाहेर बघूनच उडतो, त्याला साधारण पाच किलोमीटरची दृश्यता आणि दीड हजार फुटांच्या वर ढग लागतात. म्हणजे उडायचे खरे महिने ऑक्टोबर ते मे. आणि विद्यापीठाच्या परीक्षा? ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे. पंचाहत्तर टक्के हजेरी वेगळीच.

आता गणित. एक सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची एक फेरी, सरासरी सव्वा तासाची धरली तर २०० तासांना १६० सॉर्ट्या. विमान तपासणीला गेलं, वारा आडवा आला, इन्स्ट्रक्टर सुटीवर, हे सगळं वजा जाता आठवड्याला चार पदरात पडल्या तर नशीब. म्हणजे ४० आठवडे, आणि ऑक्टोबर ते मे हे जेमतेम ३५. काहीही न चुकता एक मोसम पुरत नाही. त्यात परीक्षेसाठी तीन आठवडे गायब झालो की परतल्यावर लगेच सोलो, म्हणजे एकट्याने उडायला, मिळत नाही. आधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक-दोन सर्किट सॉर्ट्या (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या), तासाला पंधरा-वीस हजारांच्या घरात. शेवटाकडे खंड पडला तर आणखी महाग, कारण परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तासांचं उड्डाण आणि स्किल टेस्ट बसवावी लागते. ते सहा महिने उलटले की तेच तास पुन्हा विकत घ्या.

म्हणून मी मुक्त विद्यापीठ निवडलं. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि पेपर किती द्यायचे हे आपल्या हातात असतं. मी मोठा गठ्ठा जूनवर टाकायचो आणि डिसेंबरला एखाद-दुसराच पेपर ठेवायचो. तीन वर्षांची डिग्री सहा वर्षांपर्यंत लांबवता येते, परीक्षा केंद्र दर सत्राला बदलता येतं, त्यामुळे फ्लाइंग क्लब ज्या गावात तिथलंच जवळचं केंद्र टाकायचं. विषय कॉमर्स. बीएस्सी घेतली की प्रॅक्टिकलला केंद्रावर हजर राहावं लागतं आणि सगळा फायदा जातो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही चालतं, ज्यांना मराठीतून पेपर लिहायचेत त्यांना तर उत्तमच. एक खबरदारी: असाइनमेंट वेळेत गेल्या नाहीत की पेपर देऊनही निकाल अडकतो. पावसाळ्यात त्या आधी उरकायच्या, मग डीजीसीएचे पेपर. तिथे पासिंग ७० टक्क्यांना आहे, पस्तीसला नव्हे.

हवाई दलाचा दरवाजा ज्यांना उघडा ठेवायचाय त्यांचं गणित वेगळं. एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंग ब्रँचला डिग्री लागतेच, तीही ६० टक्क्यांची, शिवाय बारावीला फिजिक्स आणि मॅथ्समध्ये प्रत्येकी ५० टक्के. वयाची मर्यादा २४, चालू सीपीएल असेल तर २६. तिथे ‘कशीबशी पास’ डिग्री उपयोगाची नाही, आणि ती सहा वर्षं ताणूनही भागत नाही.

बारावी कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी डिग्रीला हात घालण्याआधी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या बोर्डातून मॅथ्स (३११) आणि फिजिक्स (३१२) हे दोन विषय काढावेत. डिग्रीतल्या फिजिक्सने बारावीची अट भागेल असं गृहीत धरू नये.

शेवटचं, कंटाळवाणं पण सगळ्यात जास्त अडवणारं: नाव. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (लेखी पेपरांसाठीचा नोंदणी क्रमांक) काढताना बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी लागते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि वर आईचं वेगळं, आधारवर वडिलांचं नाव गायब, पासपोर्टवर तिसरंच. हे सारखं करायला दोन-तीन महिने सहज जातात. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरतानाही दहावीच्या गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवलं, आणि बोर्डाच्या विभागीय कार्यालयात पडताळणीचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच आठवड्यात टाकला.