टर्बो गेला नव्हता, हवा गळत होती

मार्चमध्ये छत्रपती संभाजीनगरहून लातूरला परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडीचा पिकअप पडला. बंद पडली नाही, पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही चढेना. बॉनेटखालून फुसफुस आवाज, आरशात काळा धूर आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा. शेजारी अण्णा होते. "ट्रकवालेबी पुढं चाललेत की रे," एवढंच म्हणाले.

गाडी १.४ लिटरची टर्बो पेट्रोल सेडान, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, आणि त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. आधीच्या मालकानं रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, बूस्ट ०.८ बारवरून १.१ बारवर नेला होता, एअरबॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावला होता आणि सायलेन्सर व धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथं सरळ पाइप. गावातल्या गॅरेजमध्ये दाखवली. मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि सांगितलं, टर्बो गेला, ७० हजार धरून चला. जुना टर्बो उघडून बघण्याआधीच हा आकडा आला, हे मला पटलं नाही. गाडी घरी शेडमध्ये आणून लावली.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं ओबीडी डोंगल मोबाइलला जोडलं. कोड निघाला पी०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडतोय. हा कोड टर्बो गेल्याचा नाही. हवा कुठंतरी कमी पडतेय, इतकंच तो सांगतो, आणि लोक इथंच घाई करतात. मग इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, दाबाचा आकडा पाहिला: ९४ किलोपास्कल. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथली हवाच १०१ ऐवजी ९४ च्या आसपास भरते. बूस्ट काढताना हेच वजा करायचं. रिकाम्या रस्त्यावर पूर्ण पाय दाबल्यावर आकडा १४८ वर अडकला. म्हणजे बूस्ट जेमतेम ५४. असायला हवा होता ११० च्या जवळ, म्हणजे तोच १.१ बार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला. टर्बोच्या चाकाची पाती शाबूत होती, त्याच्या कवचाला आतून घासल्याची खूण नव्हती. शाफ्ट, म्हणजे चाकाचा दांडा, बोटात धरून हलवला तर बाजूला किंचित हालला, पण मागंपुढं अजिबात नाही. बाजूची ती थोडी हालचाल असतेच, कारण शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. मागंपुढं खेळत असता तर मीही ७० हजारांची तयारी केली असती.

राहिली गळती. ती शोधायचं साधन मी ठिबकच्या दुकानात केलं. शेताच्या मेन लाइनचा ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप वीतभर, त्याला एन्ड कॅप, आणि कॅपला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व. दुकानदारानं विचारलं, कोणत्या पिकासाठी? गाडीसाठी म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सोल्यूशन लावून कॅप चिकटवून दिली. दोनशे रुपयांच्या आत काम झालं. हा तुकडा हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढच्या होजमध्ये घालून क्लॅम्पनं आवळायचा आणि व्हॉल्वमधून कॉम्प्रेसरनं हवा भरायची. मेहुण्याचा स्प्रे पेंटिंगचा कॉम्प्रेसर होता, त्याचा रेग्युलेटर १५ पीएसआयवर ठेवला. त्यावर जाऊ नका.

पहिल्याच खेपेला १२ पीएसआयला तुकडा होजमधून सुटला आणि शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळला. मी बाजूला उभा होतो म्हणून वाचलो. क्लॅम्प मी एकच लावला होता. तेव्हापासून दोन लावतो आणि कॅपच्या समोर कुणालाही उभं राहू देत नाही. दुसरी चूक जास्त नुकसान करणारी होती. इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी, नळी याच पाइपला जोडलेली असते. ती बंद केली नाही तर हवा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या पोटात, जाते आणि ऑइल सील बाहेर ढकलले जाऊ शकतात. डिपस्टिकपाशी फुस्स आवाज आला तेव्हा लक्षात आलं. लगेच हवा सोडली, नळी काढून तिथं बूच मारलं आणि ऑइलचं झाकण सैल करून ठेवलं.

तिसऱ्या खेपेला साबणाचं पाणी शिंपडत गेलो. ऊन चढलं होतं. अण्णा येऊन म्हणाले, "काय करायलास रे उन्हात? पंक्चर बघितल्यासारखं बघायलास." पंक्चरच होतं. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, खालच्या कोपऱ्यातल्या होजवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बुडबुड्यांचा फेस आला. तिथं तेलकट काळा मळ आधीपासून होता, पण मी तो जुना डाग समजून सोडून दिला होता. होज काढला तर आतून भेग गेलेली. हातात धरला की भेग मिटलेली दिसायची, दाब आला की उघडायची. सेन्सर हवा मोजायचा, इंजिन तेवढ्या हवेचं पेट्रोल टाकायचं आणि वाटेत हवाच निसटायची. काळा धूर त्याचाच.

नवा होज घेताना एक गोष्ट कळली. ब्रीदरमधून थोडं ऑइल या पाइपात येतंच, आणि साधा सिलिकॉन ते पितो. आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेलाच घ्यावा. तो मागवून आठवडा लागला. क्लॅम्प मात्र इथंच मिळाले, बार्शी रोडवरच्या ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. ट्रकलाही इंटरकूलर असतो, त्याचे टी-बोल्ट क्लॅम्प पट्टीभर सारखा दाब देतात. स्क्रूच्या साध्या क्लॅम्पनंच आधीचा होज कापला होता. काम खालून होतं, म्हणून गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी जात नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

परत हवा भरली, फेस आला नाही. काटा हळूहळू उतरला, पण ते ठीक आहे, एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व उघडे असतात, तिथून हवा जातेच. रस्त्यावर आकडा २०४ वर गेला.

एप्रिलमध्ये मात्र दुपारी पुन्हा मरगळ. आत जाणारी हवा ६८ अंशांवर दिसत होती. इतक्या गरम हवेत इंजिन नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याच्या, भीतीनं ठिणगीचं टायमिंग मागं घेतं आणि ताकद जाते. दोन कारणं निघाली. इंटरकूलरच्या जाळीत काळ्या मातीचा थर आणि किडे बसले होते. मागच्या बाजूनं कमी दाबाचं पाणी सोडून ते काढले. दुसरं, उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवाच ओढत होता. आवाज छान येतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि धुळीत तो शोभेचाच. बारीक धूळ टर्बोची पातीही खाते. मी मूळ एअरबॉक्स परत बसवला. हवा १२-१३ अंशांनी उतरली. सरळ पाइपही काढून सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर परत लावला, पीयूसीसाठी आणि शेजाऱ्यांसाठीही.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी कुणीतरी भरलं होतं. लातूरचं बोअरचं पाणी घरातल्या गिझरची काय गत करतं ते आपण पाहतोच, रेडिएटरमध्येही तोच पांढरा थर होता. सगळं उपसून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. ऑइल फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, दर ५,००० किलोमीटरला. घाट चढून आल्यावर मिनिटभर आयडलला ठेवतो, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जागच्या जागी जळतं.

मेमध्ये अण्णांना घेऊन पुन्हा तोच रस्ता. बीड सोडल्यावर घाटात तिसऱ्या गिअरमध्ये आकडा २०३. अण्णांनी काही म्हटलं नाही, फक्त मागं पडणाऱ्या ट्रककडं वळून बघितलं. केजला चहाला थांबलो तेव्हा तेच म्हणाले, "तुझा तो क्लॅम्प बघायचा न्हाय का?" बॉनेट उघडून टॉर्च मारला. जोड कोरडा होता.