हरभऱ्याच्या झाडाखाली

जानेवारी लागला की आमच्या कोपऱ्यावर ढाळ्यांची हातगाडी उभी राहते. ढाळे म्हणजे मुळासकट उपटलेली हिरव्या हरभऱ्याची झाडं. पुण्यात आल्यापासून हे समजावून सांगावं लागतं. एक जुडी आणायची, गॅलरीत बसून घाटे सोलायचे, भाजीसाठी म्हणून सोलाणे वाटीत टाकायचे आणि वाटी भरायच्या आत तीही रिकामी करायची. तोवर बोटं चिकट, ओठ चुरचुरलेले. हा प्रताप घाट्यांचा नाही, आंबीचा.

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्या टोकांतून आम्ल पाझरतं, ती आंब. आजी थंडीत दिवस उगवायच्या आत धुतलेलं पांढरं धडपं घेऊन रानात जायची, दवानं भिजलेल्या पिकावरून ते फिरवायची आणि बाटलीत पिळायची. कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब पाण्यातून. गुण औषधाचा यायचा की पुन्हा ते प्यावं लागेल या धास्तीचा, देव जाणे. त्या पिकात अनवाणी शिरलं की टाचांच्या भेगा अशा झोंबायच्या, की हरभऱ्याच्या झाडावर चढवणं ही म्हण ज्यानं काढली तो त्या शेतात कधी उतरलाच नसावा असं मला तेव्हा वाटायचं.

पानांवरची आंब घाटेअळीला थोडाफार आळा घालते. पण हरभऱ्याचा आंबटपणा तेवढ्यावर संपत नाही, जमिनीखाली त्याचा दुसरा कारखाना चालू असतो, हे मला फार उशिरा कळलं.

मुळांवरच्या गाठी आपल्याला शाळेपासून पाठ. त्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरून देतात. पण पिकाच्या गरजांत नत्रापाठोपाठ येतं ते स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणि ते हवेत नसतं. स्फुरद हा शब्द मला फार आवडतो. खताच्या पोत्यावर शोभण्याऐवजी कवीच्या वहीत शोभेल असा. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला 1669 मध्ये ते सापडलं, तेही सोन्याच्या नादात मूत्र आटवताना. अंधारात चमकणारं काहीतरी हाती लागलं, सोनं राहिलं बाजूला.

गंमत अशी, की पुष्कळ जमिनींत स्फुरद असतं आणि तरी पीक उपाशी राहतं. आमच्याकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात कॅल्शियम त्याला धरून बसतं, तांबड्या मातीत लोह. कणगी भरलेली, पण तोंड शेणामातीनं लिंपलेलं. शिवाय स्फुरद पाण्याबरोबर वाहत येत नाही. मुळाच्या भोवतालचं मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधलं संपलं की पुढचं फार सावकाश सरकतं. बरीचशी पिकं त्यासाठी मुळांत राहणाऱ्या बुरशीची मदत घेतात. तिचे धागे मुळाला न पोचणाऱ्या फटींत शिरतात आणि बदल्यात साखर वसूल करतात. हरभरा ही मदत घेतोच, वर लिंपण फोडायला स्वतःही उतरतो. त्याची मुळं मातीत सायट्रिक, मॅलिक, मॅलोनिक अशी आम्लं सोडतात. काळवंडलेल्या तांब्याला आजी चिंच लावायची, तसलीच ही घासाघीस. फरक एवढाच, की चिंच विकत आणायची नाही, स्वतःच्या पानांत उन्हावर शिजवलेल्या साखरेतून करायची.

तुरीचा नखरा आणखी वेगळा. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथल्या आणि जपानी शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये दाखवलं, की लाल मातीत लोहानं धरलेलं स्फुरद तुरीला घेता येतं, कारण तिची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला मिठी मारतं आणि स्फुरद सुटतं. या आम्लाचं नाव ज्या झाडावरून आलं, त्याची साल वेस्ट इंडीजमध्ये मासे गुंगवायला वापरत. वरणाच्या वाटीकडे बघून हे सुचणं कठीण.

माणसानं काय वेगळं केलं? इंग्लंडच्या जॉन लॉजनं 1842 मध्ये हाडं आणि खनिज फॉस्फेट गंधकाम्लात मुरवून खत करायचं पेटंट घेतलं. त्याच जातीचं ‘सुपर’, म्हणजे सुपर फॉस्फेट, आजही कृषी सेवा केंद्रात मिळतं. दगडाला आम्ल पाजायचं, एवढीच युक्ती. हरभऱ्यानं तिचं पेटंट घेतलं नाही.

गावी हे कुणी आम्लांच्या भाषेत बोलत नाही. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’, म्हणजे हरभरा निघालेलं रान पुढच्या पिकाला चांगलं, असं म्हणतात आणि पुढच्या वर्षी त्याच रानात ज्वारी टाकतात. कपाशीत तुरीचं तास, म्हणजे एखादी ओळ, सोडतात. त्यात नत्राचा वाटा किती, स्फुरदाचा किती, याचा हिशेब माझ्या चुलत्यांनी कधी केला नाही. त्यांचा भरवसा ज्वारीच्या कणसावर.

परवा जुडी आणली, तर एका झाडाच्या मुळांना काळं ढेकूळ तसंच चिकटलेलं. घाटे संपले होते. मी ढेकूळ फोडलं, दोन-चार गाठी दिसल्या, त्या बाजूला सारून मुळाचं एक टोक जिभेवर ठेवलं. इतकं वाचल्यावर निदान लिंबाची आठवण यावी अशी अपेक्षा होती. नुसती माती लागली. बायको दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, फक्त पाण्याचा तांब्या आणून ठेवला.