तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीचं नाव असं का?

"अगं, हाक मारायला सोपं काही सुचलं नाही?" साताऱ्याच्या मावशीपासून इथल्या शेजारणीपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. एकदाच सांगते.

ग्वेनल्हिअन. नाव वेल्श. 'ग्वेन' म्हणजे शुभ्र, पवित्र. पुढचा उच्चार असा: जीभ 'ल'ला लावतो तिथेच टेकवायची आणि गळ्यातून आवाज न काढता बाजूने हवा सोडायची. आपला 'ळ' नव्हे हो! कोल्ह्यातला 'ल्ह' त्यातल्या त्यात जवळचा. बारशाला आत्याने, म्हणजे नवऱ्याच्या वेल्श बहिणीने, बाळाच्या कानात नाव सांगितलं, ते माझ्या आईने दुसऱ्या खेपेला बिनचूक म्हटलं.

नवऱ्याने लादलं म्हणता? तो 'निआ' म्हणत होता. हट्ट माझा. 1136 मध्ये नवरा मदत आणायला उत्तरेला गेलेला असताना वेल्समधल्या किडवेलीजवळ, मुलूख बळकावायला आलेल्या नॉर्मनांवर चालून गेलेली, तिथेच मारली गेलेली वेल्श राजकन्या ग्वेनल्हिअन मी वाचली होती. ताराबाईंच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलीला एवढं पुरे.

दुसरी ग्वेनल्हिअन मला नको होती. वेल्सच्या राजपुत्र ल्हिवेलिनची एकुलती एक. 1282 मध्ये जन्मली, आई बाळंतपणात गेली, डिसेंबरात बाप मारला गेला. वारस म्हणून कुणी तिला पुढे करू नये, म्हणून इंग्लंडच्या राजाने, पहिल्या एडवर्डने, तान्हीला लिंकनशरातल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात धाडलं. 1337 मध्ये ती तिथेच वारली. इंग्लंडातल्या कागदांत तिचं नाव 'वेन्सिलिअन' असंही सापडतं.

आणि नोकरीपायी आम्ही आलो कुठे, तर लिंकनशरातच.

पाळणाघराचा पहिला दिवस. कोट अडकवायच्या खुंट्यांवर चिकटवायला ताई नावं लिहीत होत्या. माझं पोरगं कडेवर, मागे रांग. त्यांनी फॉर्म पाहिला. "ग्वेन... लायन?" मी उच्चार करून दाखवला. त्या हसल्या, वाईट नव्हे, नुसत्याच. पेन हवेतच. मागे कुणीतरी घसा खाकरला. आणि मीच म्हणाले, "ग्वेन लिहा, चालेल." त्यांनी मागितलंसुद्धा नव्हतं. मठवाल्यांना निदान ते नाव कधी कानावर पडलं नसेल. मला तर येत होतं.

घरी नवरा काही बोलला नाही. बोलला असता तर भांडले असते.

तेव्हाची मी म्हणते, पोरीला रोज अडखळायला लावण्यापेक्षा बरं. आताची मी म्हणते, अडखळले ते ताई आणि तू. पोरीला तर बोलताही येत नव्हतं. मग रांगेतली ती दोन मिनिटं आठवतात आणि तेव्हाचीचंही पटतं.

आता ती चार वर्षांची आहे. आरशासमोर 'ल्ह' म्हणते, काचेवर थुंकी उडते. खुंटीवर अजून 'ग्वेन'च आहे. आजही कोट तिथेच अडकवून आले.