हिरवा मार्बल अपडेट: वेज गेला, जाडी सापडली, आता स्पिनेल

मंडळी, अखेर तीस मायक्रॉन! आणि सेक्शनच्या (मायक्रोस्कोपखाली बघायला काचेवर चिकटवून घासलेल्या दगडाच्या पातळ कापाच्या) या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे. मागच्या वेळी जो वेज, म्हणजे पाचरीसारखा झालेला काप, दाखवला होता, एक कड काचेवरून गायब आणि दुसरी अजून हिरवीगार, तोच दगड, शिळफाट्याच्या मार्बलवाल्याने दिलेला राजस्थानातल्या ऋषभदेवचा कडेचा तुकडा. विकतात मार्बल म्हणून, आहे सर्पेंटिनाइट, म्हणजे सर्पेंटाइन या खनिजाचा खडक. आपला प्रश्न तोच, दगडातल्या क्रोम स्पिनेल या खनिजाच्या रंगावरून कळेल का की जुना समुद्रतळ नेमका कुठे तयार झाला?

अडचण काय होती ते तुम्हाला माहितीच आहे. सर्पेंटाइन मऊ, बोटाचा दाब जरा इकडेतिकडे झाला की एक बाजू झिजून जाते, आणि थांबायचं कुठे ते आपल्या रंगावरून सांगणारा क्वार्ट्झचा एक कणही दगडात नाही. सर्पेंटाइनच्या रंगावर जावं तर तो तीसला राखाडी आणि पंचेचाळीसला जरा पांढरट, म्हणजे डोळ्याला फरक कळेपर्यंत बऱ्याचदा सेक्शन संपलेला असतो.

उपाय आपल्या ठाण्याच्या जमिनीतूनच निघाला. शेजारच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला पायाचा खड्डा खणतायत, तिथला काळा बेसॉल्ट गेटबाहेर पडलेला असतो. त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, मधे हिरवा दगड, तिघं इपॉक्सीने एकत्र चिकटवले आणि पूर्ण वडीचा एकच चेहरा घासून सपाट करून स्लाइडवर लावला. आता दोन्ही बाजूंचा बेसॉल्ट कडक असल्यामुळे मधला मऊ दगड एकीकडे कलू शकत नाही, आणि जाडी सांगायचं कामही तोच करतो. एक्सपीएलमध्ये, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमधून, बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काड्या बघत बसायचं, आधी लालसर, मग पिवळ्या, आणि मग हळूहळू एकेक काडी राखाडी-पांढरी होत जाते. एका काडीवर विसंबू नका, कापाच्या दिशेप्रमाणे रंग बदलतो, म्हणून भरपूर काड्या बघून त्यातला सगळ्यात वरचा, म्हणजे लालसराच्या बाजूचा, रंग धरायचा. दोन्ही पट्ट्यांत तो सारखाच राखाडी-पांढरा आला की थांबा. परवा रात्री दोन्हीकडच्या काड्या एकदम पांढऱ्या दिसल्या तेव्हा मी घरच्यांना उठवून दाखवलं, इतका आनंद झाला होता.

सामानाबद्दल दोन शब्द. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या १००० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइडमध्ये जाडे दाणे निघाले, शेवटच्या टप्प्यात चरे पाडतात. त्यापेक्षा मुंबईच्या नागदेवी बाजारात जाऊन सुटी पावडर घ्या, चिमूटभर दोन काचांमध्ये फिरवून आवाज ऐका, खरखर आली तर घेऊ नका. पाच मिनिटांत सेट होणारं इपॉक्सी या कामाला नकोच, पाण्यात रबरासारखं होतं, रात्रभर लागणारंच बरं. पोलरायझर अजून जुन्या एलसीडीच्या फिल्मचाच आहे आणि माझं मत आहे की सुरुवातीला यापेक्षा जास्त खर्च करायची काहीच गरज नाही.

आणि हे पुन्हा सांगतो कारण महत्त्वाचं आहे, सर्पेंटिनाइट कोरडा कापायचा नाही, कोरडा घासायचा नाही. त्यात क्रिसोटाइल हा सर्पेंटाइनचा तंतुमय प्रकार असू शकतो, आणि क्रिसोटाइल म्हणजे ॲस्बेस्टॉस. रेशमासारख्या तंतूंची शीर दिसली तर तो तुकडा घेऊच नका. मास्क हवाच, आणि गाळ ओला असतानाच बंद डब्यात.

आता सेक्शनमध्ये काय दिसलं. पात्यांसारखा एकमेकांत घुसलेला अँटिगोराइट (सर्पेंटाइनचाच एक प्रकार), कार्बोनेटच्या शिरा, आणि जिथे मला क्रोम स्पिनेल हवा होता तिथे काळे ठिपके. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर पूर्ण उघडून कडा तपासल्या, लाल-तपकिरी छटा कुठेच नाही. रूपांतरणात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम निघून लोह आत गेलं की स्पिनेल अपारदर्शक होतो, त्यामुळे हा दगड आपल्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. वाईट वाटलं, कारण ऋषभदेवची रेषा मला फार ओढते. पूर्वेला उथळ समुद्राचा गाळ, पश्चिमेला झाडोलचा खोल पाण्यातला, मधे हे अल्ट्रामाफिक, म्हणजे मँटलसारखे मॅग्नेशियम-लोहाचे खडक, म्हणून काही जण तिला प्रोटेरोझोइक काळातला सूचर, म्हणजे मधला समुद्र मिटून दोन भूखंड जुळल्याचा सांधा, मानतात. पण ऑफिओलाइटच्या, म्हणजे जमिनीवर आलेल्या समुद्रतळाच्या, १९७२ च्या पेनरोझ परिषदेतल्या व्याख्येतली पेरिडोटाइट (मँटलचा खडक)-गॅब्रो-डाइक-पिलो लाव्हा अशी खालून वर सलग उतरंड तिथे दाखवता येत नाही, म्हणून वाद आहे.

म्हणून आता लडाखच्या निदार ऑफिओलाइटचा तुकडा, मित्राने नाल्यातून उचललेला. हार्झबर्गाइट आहे, पेरिडोटाइटचाच प्रकार, आत सर्पेंटाइन न झालेला ताजा ऑलिव्हिन अजून शाबूत. ऑफिओलाइट म्हटलं की लोक 'समुद्रतळ' म्हणून मोकळे होतात, मला ते पुरत नाही. तो तळ तयार कुठे झाला, तळ फाकतो त्या मध्य-सागरी रिजवर, की एक प्लेट दुसरीखाली जाते त्या सबडक्शन झोनच्या वर? १९७३ मध्ये भूवैज्ञानिक मियाशिरोने सायप्रसच्या ट्रूडोस ऑफिओलाइटबद्दल हाच प्रश्न काढला आणि तेव्हा केवढा गदारोळ झाला. सबडक्शनच्या वर पाण्यामुळे मँटल जास्त वितळतं, ॲल्युमिनियम वितळलेल्या रसाबरोबर जातं, क्रोमियम मागे राहतं, आणि स्पिनेल फिकट तपकिरीऐवजी गडद लाल-तपकिरी होतो. रंगावरून क्रोमियमचा नेमका आकडा निघत नाही, लोहानेही रंग गडद होतो, पण दिशा कळते. फक्त जाडी पक्की हवी, कारण जाड सेक्शनमध्ये कुठलाही स्पिनेल गडदच दिसणार. एवढा आटापिटा त्यासाठीच.

ठरवलं होतं की येत्या रविवारी निदारचा तुकडा बेसॉल्टच्या पट्ट्यांमध्ये बसवून कापायचा. पण हे लिहिताना लक्षात आलं, अंगठ्याएवढ्या दगडात स्पिनेलचे मोजकेच कण येणार. झंस्करच्या इओसीन काळातल्या (सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या) वालुकाश्मांत झिजून आलेले स्पिनेल सापडतात, त्यावरूनच ऑफिओलाइट तोवर उघडा पडला होता हे कळतं. मग नाल्याच्या वाळूतच का शोधू नये? मित्र जूनमध्ये पुन्हा जातोय, त्याला मूठभर काळी वाळू आणायला सांगतो, ताटलीत धुऊन जड कण वेगळे करायचे आणि सगळे एकाच स्लाइडवर बेसॉल्टच्या पट्ट्यांमध्ये बसवायचे, म्हणजे सगळ्यांची जाडी एकच. वरच्या अंगाला गॅब्रो आणि लाव्हा आहेत, त्यांचे कणही वाळूत मिसळणार, त्यामुळे नाल्यात वाळू कुठून घ्यायची ते आधी नकाशावर नक्की करावं लागेल. तोवर दगड कापत नाही.

कुणाकडे अंदमानच्या पेरिडोटाइटचा सेक्शन असेल तर पीपीएलमधला (एकाच पोलरायझरमधला) स्पिनेलचा फोटो टाका, शेजारी जाडी कशावरून धरली तेही लिहा.