आधी रक्कम, मग उंची

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात कनिष्ठ अभियंता आहे. कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावांत माझं काम चालतं: शाळाखोल्या, अंगणवाड्या, पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटा, संरक्षक भिंती आणि साकव. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. तो ओलांडायला वाडीतली माणसं पूर्वी दर पावसाळ्याआधी झाडाचे ओंडके आणि बांबू बांधून साकव घालायची. आता तो काँक्रीटचा होतो आणि पैसा बहुतेक वेळा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. वर्तमानपत्रात या कामाला दोन ओळीही मिळत नाहीत. पण पऱ्यापलीकडच्या वाडीला जून ते सप्टेंबर शाळा, दवाखाना आणि रेशन मिळणार की नाही, ते त्याच्यावर ठरतं.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्या दिवशी मी अशाच एका साकवाची जागा पाहायला गेले होते. पंचवीस-तीस घरांची वाडी, मध्ये पऱ्या. यादीत कामाचं नाव होतं आणि नावापुढे रक्कम. आमच्याकडे बऱ्याचदा गाडी याच क्रमाने चालते. खरं तर आधी जागा बघावी, पातळ्या घ्याव्यात, अंदाजपत्रक करावं आणि मग मान्यता यावी. पण प्रत्येक आमदाराला, प्रत्येक गटाला काहीतरी द्यायचं असतं, म्हणून निधीचे सारखे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यात बसेल असं काम आम्ही कागदावर उतरवतो. या कामाचं कच्चं अंदाजपत्रकही तसंच तयार होतं. त्यात १.२ मीटर व्यासाच्या तीन पाईपांची मोरी, म्हणजे खालून पाणी जायची वाट, होती आणि वर काँक्रीट. रकमेत अगदी नेमकी बसणारी.

सरपंच, दोन सदस्य, ग्रामसेवक आणि वाडीतली बरीच मंडळी जागेवर जमली होती. ऑटो लेव्हल, म्हणजे पातळ्या घ्यायची दुर्बीण, लावण्याआधी मी नेहमीचा प्रश्न विचारला, सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता? एका आजींनी मला हाताला धरून पऱ्याकाठच्या घराजवळ नेलं. जांभ्याच्या भिंतीवर पुसट पिवळसर रेघ होती. "हितवर आलतं पानी, बाय. गुरं सोडून दिली नि आम्ही वर देवळात गेलो."

तो पूर २२ जुलै २०२१ चा. कोकणात ही तारीख कोणाला सांगावी लागत नाही. चिपळूण बुडालं, महाड बुडालं, तळिये गावावर डोंगर आला. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता आणि आमच्या पऱ्यांची मुळं त्याच डोंगररांगेत आहेत. घराच्या वरच्या अंगाला आंब्याच्या बेचक्यात पुराबरोबर आलेला बांबूचा कचरा त्या वेळचा अडकलेला होता. भिंतीवरची रेघ आणि बेचक्यातला कचरा, दोन्हींच्या पातळ्या मी घेतल्या. पऱ्याच्या उताराचा हिशेब धरला तर दोन्ही जुळत होत्या. नदीवरच्या मोठ्या पुलासाठी पूर मोजणारी केंद्रं असतात, जुन्या नोंदी असतात. पऱ्याची नोंद कुणीच ठेवत नाही. तिथे आजींची रेघ हाच दस्तऐवज.

मग आकडेमोड. पाणलोट, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी या पऱ्याला येतं तो भाग, साधारण दोन चौरस किलोमीटर. जुन्या मुंबई इलाख्यापासून आपल्याकडे पुराचं पाणी काढायला वापरात असलेल्या इंग्लिस सूत्राने सेकंदाला सुमारे ७० घनमीटर पाणी येतं, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे सात टँकर. आणि तीन पाईपांचं मिळून तोंड जेमतेम साडेतीन चौरस मीटर. वेग सेकंदाला तीन मीटर धरला, तरी त्यातून दहा-अकरा घनमीटर जाईल. बाकीचं साठ घनमीटर पाणी मोरीवरून, बाजूने, नाहीतर आजींच्या घरातून जाणार. २०२१ मध्ये तिथे काहीच बांधकाम नव्हतं, तरी पाणी त्या रेघेपर्यंत चढलं. उद्या ओंडके आणि बांबू येऊन पाईपांची तोंडं बुजली, तर मोरी बंधाऱ्यासारखी पाणी तुंबवेल आणि रेघ आणखी वर जाईल. म्हणजे सरकारी पैशातून आपण त्या घराचा धोका वाढवून ठेवणार होतो.

हे मी सांगितलं, पण आकड्यांनी कुणी हललं नाही. सरपंच समंजस माणूस, पण त्यांच्याही मागे वाडीचा तगादा होता. "मॅडम, आहे त्या पैशात बसवा ना. किती वर्षांनी नाव लागलंय यादीत. परत गेलं तर पुन्हा कोण विचारतंय?" त्यांचं चुकत नव्हतं. निधी परत गेल्याच्या कहाण्या प्रत्येक गावाकडे आहेत.

तेव्हा मी शिपाईभाऊंना लाईनदोरी काढायला सांगितली. मोरीच्या माथ्याची पातळी काढून दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्या आणि पऱ्यावर आडवी दोरी ताणून बांधली. म्हटलं, ही दोरी म्हणजे तुमचा साकव. मग वाडीतल्या एका तरण्या मुलाला दोरीच्या पातळीला, काठावरच्या खडकावर उभं केलं आणि स्टाफवर, म्हणजे पातळीच्या मोजपट्टीवर, पुराची पातळी दाखवली. ती त्याच्या छातीला लागत होती.

कुणी काही बोललं नाही. मग गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई पुढे आल्या. त्यांनी त्याच पऱ्याच्या वरच्या अंगाने, डोंगराच्या धारेवरून, एका बाळंतिणीला डोलीतून नेलं होतं. त्या सरपंचांकडे वळून म्हणाल्या, "साकव नसला तर आम्ही थांबतो. असला की माणूस पाय टाकणार. पोरं तर टाकणारच."

मला जे तासभर बोलून पटवता आलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात झालं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गेला, तेव्हा दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. पूल आहे या भरवशावरच तर चालकांनी गाड्या घातल्या होत्या. त्या गाड्या रत्नागिरी जिल्ह्यातूनच निघालेल्या. इकडच्या घराघरात ती रात्र माहीत आहे.

त्यानंतरचं बोलणं वेगळंच झालं. किती उंच हवा? या प्रमाणातल्या पाण्याला पूरपातळी आणि स्लॅबचा तळ यांत ९०० मिलिमीटर मोकळीक ठेवायची असते, म्हणजे खालून ओंडके जाऊ शकतात. मधे खांब नको, काठापासून काठापर्यंत दहा मीटरचा एकच गाळा, दोन्ही बाजूंना काठ धरून ठेवणाऱ्या पंखभिंती आणि उंचावर चढणारे जोडरस्ते. खर्च मंजूर रकमेच्या दुपटीच्या वर जात होता. वर जोडरस्त्याला जमिनीची एक पट्टी लागणार होती. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको: पट्टी दोन गुंठ्यांची आणि उताऱ्यावर नावं पानभर, त्यातली निम्मी मुंबईत.

सुधारित मान्यता मागायची, तर त्या वर्षाचा पावसाळा साकवाविना काढावा लागणार होता. हे मी जमलेल्यांना स्पष्ट सांगितलं. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला पुढचं आर्थिक वर्षही मिळतं, त्यामुळे ३१ मार्चला पैसे हातचे जाणार नाहीत, हा एवढाच आधार मी देऊ शकत होते. वाढीव रक्कम मिळेलच, असं वचन देण्याचा अधिकार मला नव्हता. तरी त्यांनी थांबायचं ठरवलं. निर्णय त्यांनी घेतला आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली, हे मला फार मोठं वाटतं.

ग्रामपंचायतीने आपला वाटा उचलला तो ग्रामसभेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के तेव्हा ग्रामपंचायतीला येत होता. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के. आलेल्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, तो साकवाला वापरता येत नव्हता. उरला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा. त्यातून त्या वर्षी गावाच्या वेशीवर कमान आणि देवळासमोर पेव्हर ब्लॉक धरले होते. आराखड्यात बदल करायचा तर ग्रामसभेचा ठराव हवा. त्या सभेला वाडीतल्या बायका पुढच्या रांगेत येऊन बसल्या. कमान मागे पडली, जोडरस्त्याच्या एका बाजूची संरक्षक भिंत पुढे आली. देवस्थानचे मानकरीही विरोधात गेले नाहीत. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने चाळीचाळींत फिरून संमतीपत्रांवर सह्या गोळा केल्या, आणि हे काम कुठल्याही अभियंत्याला जमलं नसतं.

माझ्या वाट्याला कागद होते. सुधारित अंदाजपत्रकाला मी भिंतीवरच्या रेघेचे फोटो जोडले, पातळ्यांचा तक्ता जोडला, दोरीचा फोटोही जोडला. उपअभियंत्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि शिफारस लिहिली. वरच्या बैठकीत त्यावर प्रश्न आलेच. एकाच्या पैशात दोन गावांना साकव देता आले असते, असंही म्हटलं गेलं. या युक्तिवादाचा मला राग येतो. पहिल्या पुरात वाहून जाणारे दोन साकव म्हणजे शून्य साकव, आणि मधल्या काळात त्यांच्यावर विसंबलेली माणसं.

तो मधला पावसाळा वाडीने कसा काढला, तेही सांगायला हवं. जून लागण्याआधी दोन महिन्यांचं रेशन उचललं. दिवस भरत आलेल्या बायका अलीकडच्या वाडीत नातेवाइकांकडे आल्या. पऱ्यावर दोर बांधला आणि पाणी एका ठरावीक खडकावर आलं की कुणी उतरायचं नाही, असा नियम केला. शाळेच्या मुलांचे बरेच दिवस बुडले, ते भरून आले नाहीत.

मान्यता आली, दिवाळीनंतर पाया खोदला आणि पुढच्या पावसाआधी साकव उभा राहिला. दोन पावसाळे त्याने पाहिलेत. एकदा पाणी आजींच्या उंबऱ्याला लागलं, पण स्लॅबच्या बरंच खालून गेलं.

आता माझा आग्रह वेगळ्या गोष्टीसाठी आहे. बांधायला पैसे मिळतात, राखायला मिळत नाहीत. साकवाच्या वरच्या अंगाला दर मे महिन्यात गाळ, झुडपं आणि पडलेली झाडं काढली नाहीत, तर दहा मीटरचा गाळाही पाच मीटरचा होतो. पंखभिंतीच्या पायाशी दगड सरकलाय का, ते दरवर्षी बघावं लागतं. या गावाने आपल्या अंदाजपत्रकात त्यासाठी लहानशी तरतूद केली आहे आणि उरलेलं श्रमदानातून होतं. माझ्याकडच्या बाकीच्या गावांत अशी तरतूद नाही. पुढच्या ग्रामसभांना मी तेवढाच विषय घेऊन जाणार आहे, आणि सोबत लाईनदोरी असेल.