झाकणावरचे दात

आज बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डब्यांची पार्टी होती, म्हणजे शेजारणींना बोलावून कंपनीचे डबे विकायचे. पोहे केले, बारा डबे मांडले, आणि धाकटीने सगळ्यात महागाच्या झाकणावर दात उमटवले! शेजारच्या बेन हसून म्हणाल्या, "आ हुं लई लउं, पण भाव ओछो करो."

विक्री 2,340. हाती कमिशन 468. पोहे-चहा वजा जाता चारशेच्या आत. असो, थोरल्याच्या शाळेच्या व्हॅनला हातभार.

संध्याकाळी, मला या कामात जोडणाऱ्या, साखळीत माझ्या वरच्या ताईंचा फोन. "डबे काय विकतेस, दोन बायका जोड. जॉइनिंगचे हजार घे." म्हटलं, ताई, 2021 च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत एन्ट्री फी घ्यायला मनाई आहे. फोन कट!

दातवाला डबा बेननी नेला नाहीच. त्यात आता चकल्या आहेत.